तीच गाणी, तेच चर्च, वीस वर्षांनी : काउबॉय जंकीजचा ‘ट्रिनिटी रिव्हिजिटेड’

ओसरी

गेले तीन आठवडे रात्री ओटा पुसून झाला की मी हेडफोन लावून बसते आणि एकच गाणं दोनदा ऐकते. आधी १९८८ सालच्या अल्बममधलं, मग २००७ सालच्या. गाणं तेच, गाणारी तीच, वाजवणारे बहुतेक तेच, आणि इमारतसुद्धा तीच. मधे वीस वर्षं गेली आहेत. ती वीस वर्षं मला ऐकू येतात, आणि हे कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून हा धागा काढला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काउबॉय जंकीज हा टोरांटोचा बँड, १९८५ पासूनचा. मार्गो टिमिन्स गाते, तिचा मोठा भाऊ मायकेल गिटार वाजवतो आणि गाणी लिहितो, धाकटा पीटर ड्रम्सवर, आणि बासवर मायकेलचा जुना मित्र अ‍ॅलन अँटन. आजतागायत हेच चौघे. बँड कॅनडाचा असला तरी कंट्री, ब्लूज आणि फोक यांच्या ज्या मिश्रणाला अमेरिकाना म्हणतात, त्यात यांचं नाव अगदी वरच्या ओळीत घेतलं जातं.

सुरुवातीला हे लोक गॅरेजमध्ये सराव करायचे. शेजाऱ्यांच्या तक्रारी यायला लागल्या म्हणून आवाज कमी केला. ड्रम्स हळू झाले म्हणून गिटार हळू झाली, आणि गिटार हळू झाली म्हणून मार्गोला ओरडावं लागेना. तिथून त्यांना स्वतःचा सूर सापडला.

मग २७ नोव्हेंबर १९८७. टोरांटोच्या भर मध्यवस्तीतलं चर्च ऑफ द होली ट्रिनिटी एका दिवसासाठी घेतलं. चर्चवाल्यांना रॉक बँडची धास्ती वाटू नये म्हणून ‘टिमिन्स फॅमिली सिंगर्स’ असं नाव सांगितलं आणि नाताळच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे म्हणाले. मधोमध एक माइक, एकच, आणि भोवती गोल करून सगळे. जवळजवळ सगळा त्या दिवसाचा अल्बम म्हणजे ‘द ट्रिनिटी सेशन’. २००७ मध्ये हीच मंडळी त्याच चर्चमध्ये पुन्हा गोल करून बसली, सोबत नॅटली मर्चंट, रायन अ‍ॅडम्स आणि विक चेस्नट या तीन पाहुण्या गायकांना घेतलं, आणि सगळी गाणी पुन्हा वाजवली. तो ‘ट्रिनिटी रिव्हिजिटेड’.

आता मला जे म्हणायचंय ते. ‘मिसगायडेड एंजल’ घ्या. एक मुलगी आईला, वडिलांना, भावाला, बहिणीला सांगते आहे की मी याच्याबरोबरच राहणार. तो कसा आहे ते तिला पक्कं ठाऊक आहे, त्याची भीतीही वाटते, तरी तोच हवा. १९८७ मध्ये मार्गो सव्वीस वर्षांची होती. त्या आवाजात हट्ट आहे, आणि हट्टाखाली एक गारवा आहे, जसं घर सोडायला निघालेल्या माणसाचं सगळं आधीच ठरलेलं असतं. २००७ मध्ये ती सेहेचाळीस वर्षांची आहे. शब्द एकही बदललेला नाही. पण आवाज खाली आलाय, भरलाय, आणि ‘आई’ या शब्दावर ती किंचित थांबल्यासारखी वाटते. मला तर ऐकताना वाटलं की हे आता मुलगी सांगत नाहीये. हे सगळं जिला एकदा ऐकून घ्यावं लागलं, ती आई मुलीचे शब्द आठवून म्हणते आहे. त्यात नॅटली मर्चंटचा आवाज येऊन मिळतो तेव्हा दोन बायका स्वयंपाकघरात उभ्या राहून एकाच मुलीबद्दल बोलताहेत असं होतं.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बावीस वर्षांची होते. बाकी तुम्हाला समजेलच.

तुम्हाला कोणता अल्बम जवळचा वाटतो? आणि बँडनं आपलीच जुनी गाणी अशी उघडी करून पुन्हा म्हणावीत का?

पाऊसपाणी

ओसरीताई, फार सुंदर लिहिलंय. मी यांचं एकही गाणं ऐकलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

ओसरी

@पाऊसपाणी, १९८८च्या अल्बमचं पहिलंच गाणं, ‘माइनिंग फॉर गोल्ड’. दीड मिनिटाचं आहे. वाद्य एकही नाही, नुसता गळा. घरातले सगळे झोपल्यावर ऐका. मग न थांबवता पुढचं चालू द्या.

खर्ज

मी पुण्यात लाइव्ह साउंड करतो, त्यामुळे एका माइकबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय राहणार नाही.

तो माइक कॅलरेक कंपनीचा अँबिसॉनिक. एकाच गोळ्यात चार कॅप्सूल, चार दिशांना तोंडं करून बसवलेल्या, म्हणजे पुढचं, मागचं, वरचं, खालचं सगळंच तो घेतो. निर्माता पीटर मूर. रेकॉर्डिंग थेट दोन ट्रॅकवर. याचा व्यवहारातला अर्थ असा की नंतर काहीच करता येत नाही. आम्ही रोज ज्यावर जगतो तो फेडर, म्हणजे एकेका वाद्याचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, इथे नाहीच. अ‍ॅकॉर्डियन जास्त वाटतंय? ते वाजवणाऱ्यानं दोन पावलं मागे जायचं. फिडल ऐकू येत नाही? पुढे यायचं. मिक्सिंग म्हणजे अक्षरशः माणसं उचलून इकडून तिकडे ठेवणं. म्हणून त्या चौदा तासांतले पहिले सहाएक तास फक्त कोणी कुठे उभं राहायचं यातच गेले.

यात मार्गोची सोय कशी केली ते मला सगळ्यात आवडतं. तिचा आवाज इतका हळू की ड्रम्ससमोर टिकणं शक्यच नव्हतं. म्हणून ती वेगळ्या माइकवर गायली, तो आवाज चर्चमधल्या पीए स्पीकरमधून (सभेत आवाज मोठा करायला लावतात तसल्या) बाहेर काढला, आणि मधल्या माइकनं तो स्पीकर ऐकला. म्हणजे आपण जो आवाज ऐकतो तो आधी चर्चच्या भिंतींना लागून आलेला आवाज आहे. पीटरला ड्रम्स काठ्यांऐवजी ब्रशनं वाजवावे लागले ते वेगळंच.

आता धाग्याच्या विषयावर येतो. लोक अशा कामाला सरसकट ‘अकूस्टिक’ म्हणतात आणि विजेची गिटार काढून लाकडी हातात घेतली की झालं असं समजतात. ट्रिनिटीत मायकेलची गिटार विजेवरचीच आहे, पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) हीही विजेवरचीच. तरी मी याला अकूस्टिकच म्हणेन, कारण इथे खोली वाजते आहे. प्रत्येक वाद्य हवेतून चालत माइकपर्यंत आलेलं आहे. उलट कित्येक ‘अकूस्टिक’ अल्बमांत लाकडी गिटारीची तार थेट मशीनमध्ये खुपसलेली असते आणि हवा नावाला नसते.

२००७ मध्ये प्रत्येकाला स्वतंत्र माइक आहेत. माझ्या कानाला त्यात बास आणि ड्रम्स स्पष्ट आहेत, मायकेलची गिटार जास्त मोकळी सुटते, फीडबॅकला जागा मिळते. पण १९८७चा अंधार त्यात नाही. साउंडवाला म्हणून २००७ माझ्या कामाचा आहे. घरी मी १९८८चाच लावतो.

नाचणी

मला ‘रिव्हिजिटेड’ पटत नाही, आणि का ते नीट सांगते.

१९८८चा अल्बम निघाला तेव्हा यांना कोणी फारसं ओळखत नव्हतं. पैसे नव्हते, एक दिवस होता, चुकलं तर चुकलं. ती भीती त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. पाय वाजू नये, खुर्ची करकरू नये म्हणून सगळे श्वास धरून बसलेत. २००७ मध्ये भोवती कॅमेरे आहेत, नावाजलेले पाहुणे आहेत, आणि हा अल्बम गाजलेला आहे हे प्रत्येकाला माहीत आहे. एकदा नेम लागला म्हणून त्याच जागी पुन्हा उभं राहून लागत नसतो.

दुसरं. ‘टू हंड्रेड मोअर माइल्स’ हे फिरतीवरच्या बँडचं गाणं आहे, गाडी, रात्र, पुढचं गाव. ते मार्गोच्या तोंडून ऐकताना मला नेहमी वाटतं की ही मुलगी खरंच व्हॅनच्या मागच्या सीटवरून बोलतेय. २००७ मध्ये ते रायन अ‍ॅडम्स गातो. चांगलं गातो. पण ती व्हॅन त्याची नव्हे.

ओसरी

@नाचणी, व्हॅनबद्दलचं म्हणणं मान्य. ते गाणं मीही जुनंच ऐकते.

पण नेम लागण्याबद्दल नाही पटलं. ते नेम धरायला गेलेच नव्हते असं मला वाटतं. या बँडचं कामच मुळात दुसऱ्यांची गाणी उलगडून पुन्हा विणण्याचं. ट्रिनिटीतली अर्धी गाणी इतरांची आहेत. हँक विल्यम्सचं आहे, पॅट्सी क्लाइननं गाजवलेलं ‘वॉकिंग आफ्टर मिडनाइट’ आहे, व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचं ‘स्वीट जेन’ आहे. ‘स्वीट जेन’ तर सगळ्यांना माहीत असलेल्या स्टुडिओतल्या चालीवरून न घेता १९६९च्या मैफलीतल्या संथ चालीवरून घेतलं, आणि स्टुडिओवाल्या रेकॉर्डवर कापला गेलेला तुकडा परत आणला. ते गाणं मुळात लिहिणाऱ्या लू रीडला ते फार आवडलं होतं. आणि १९८८च्या अल्बमवरच्या एका गाण्याचं नाव मुळातच ‘ब्लू मून रिव्हिजिटेड’ आहे बघा. दुसऱ्यांच्या गाण्यांशी जे केलं तेच वीस वर्षांनी स्वतःच्या गाण्यांशी केलं. मला ते अगदी सरळ वाटतं.

वाटसरू

वाचतोय. खर्ज यांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

एक मनात आलं. आपल्याकडे एकच बंदिश एकच गायक आयुष्यभर गातो. तिशीत वेगळी, सत्तरीत वेगळी. त्याला ‘पुन्हा का गाता’ असं कोणी विचारत नाही. मग बँडनं गायलं तर आपण का विचारतो?

नाचणी

@वाटसरू, कारण बंदिश ही दोन ओळींची असते आणि वाढवायलाच दिलेली असते. गाणारा रोज तिथे नवं घर बांधतो. रेकॉर्डवरचं गाणं मात्र मांडणीसकट आपल्या कानात बसतं. ड्रम कुठे येतो, माउथऑर्गन कुठे श्वास घेतो, हे सगळं मिळून ते गाणं असतं. मी ‘स्वीट जेन’ ऐकते तेव्हा मला ते दोन स्वर त्याच जागी हवे असतात. ही माझी सवय असेल, पण ती त्याच रेकॉर्डनं लावलेली आहे.

वाटसरू

समजलं. याचा विचार करायला हवा.

सहावी तार

गिटार शिकतो आहे, त्यामुळे शिकणाऱ्याच्या बाजूनं थोडं.

असाच दुसरा अल्बम म्हणजे बँड ऑफ हॉर्सेसचा ‘अकूस्टिक अ‍ॅट द रायमन’, २०१४. रायमन ऑडिटोरियम नॅशव्हिलचं. १८९२ मध्ये प्रार्थनेसाठी बांधलं, १९४३ ते १९७४ तिथून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ कार्यक्रम चालायचा, आणि प्रेक्षक आजही चर्चसारख्या लाकडी बाकांवर बसतात. बँड सिअ‍ॅटलमध्ये २००४ साली सुरू झालेला. त्यांचा गायक बेन ब्रिडवेल याचा गळा उंच आणि पातळ, आणि सुरुवातीच्या अल्बमांत तो प्रचंड प्रतिध्वनीत आणि गिटारींच्या भिंतीत बुडवलेला. ‘द फ्यूनरल’ हे त्यांचं २००६चं सगळ्यात गाजलेलं गाणं. हळू सुरू होतं आणि मग ड्रम्ससकट अंगावर कोसळतं. रायमनमध्ये ते पियानोवर घेतलंय. कोसळणं नाहीच.

मी दोन्ही वाजवून पाहिली. जुन्यात गिटारीचे सुटे स्वर घोळत राहतात, त्यावर आवाज तरंगतो, आणि शब्द कळले नाहीत तरी चालतं. पियानोवर घेतल्यावर प्रत्येक ओळीखाली एक ठोस सूर येतो आणि ओळ लपवता येत नाही. गाणाऱ्याला शब्दाच्या शेवटापर्यंत जावं लागतं. मी क्लासमध्ये हे गाऊन पाहिलं तेव्हा लक्षात आलं की मला गाण्याचे अर्धे शब्द येतच नव्हते, मी पाच वर्षं नुसता आवाज काढत होतो.

म्हणजे ड्रम्स काढले की गाणं उघडं पडतं हे खरं, पण ते रिकामं ठेवून भागत नाही. काढलेल्या वाद्याचं काम कोणीतरी उचलावं लागतं. रायमनमध्ये ते काम गळ्यांनी उचललंय, दोन-तीन जण एकत्र गातात तिथे.

खर्ज

@सहावी तार, शंभर टक्के. कार्यक्रमात अनेकदा बघतो, ‘अनप्लग्ड करू’ म्हणून ड्रमरला बाजूला बसवतात आणि बाकीचे तेच वाजवतात जे रोज वाजवतात. मधे भोक पडतं. काउबॉय जंकीज मैफलीत मधला काही वेळ फक्त तिघे बसतात, मार्गो, मायकेल आणि जेफ बर्ड. बर्डकडे मँडोलिन किंवा हार्मोनिका. हा माणूस १९८७च्या त्या दिवशीही होता आणि २००७ लाही. त्याचं मँडोलिन नीट ऐका. तो ड्रम्सची जागा तालानं भरायला जात नाही. मायकेल जिथे थांबतो तिथे तो हळूच चालू होतो.

कंदील

इतके दिवस नुसती वाचायला येत होते, आज लिहिते.

पाहुणे नकोत असं नाचणी म्हणाल्या. मला विक चेस्नटबद्दल सांगायचंय. तो जॉर्जियातल्या अथेन्सचा. १९८३ मध्ये गाडीचा अपघात झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आणि तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. हातांची हालचालही थोडकीच उरली होती. तेवढ्या हातांनी जे सूर लागतील तेवढ्यातच गिटार वाजवायची असं त्यानं ठरवलं आणि गाणी लिहिली. त्याचे पहिले दोन अल्बम आर.ई.एम. या बँडच्या मायकेल स्टाइपनं केले.

‘रिव्हिजिटेड’च्या चित्रीकरणात तो त्या गोलात बसलाय. ‘पोस्टकार्ड ब्लूज’ला त्याचा आवाज येतो. खरखरीत, थोडा उशिरा येणारा, शब्द तोडून तोडून म्हणणारा. मार्गोचा आवाज इतका गुळगुळीत आहे की त्याशेजारी हा आवाज ठेवायला धाडस लागतं. ती त्याच्याकडे बघत, त्याच्यासाठी थांबून गाते. मी माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर पुन्हा बोलायला शिकताना पाहिलंय. त्यांच्या शब्दासाठी आम्ही घरातले जसे थांबायचो, तसं कोणी गाण्यात थांबलेलं मी प्रथमच ऐकलं.

विक २५ डिसेंबर २००९ रोजी गेला. २०११ मध्ये काउबॉय जंकीजनी फक्त त्याच्या गाण्यांचा ‘डीमन्स’ नावाचा अल्बम केला. तो पाहुणा दोन तासांपुरता आला नव्हता.

नाचणी

@कंदील, हे वाचून काल रात्री ‘पोस्टकार्ड ब्लूज’ पुन्हा लावलं, या वेळी चित्रीकरणासकट. तुम्ही म्हणता ते थांबणं दिसलं. या एका गाण्यापुरतं माझं मत मी मागे घेते. तुमच्या वडिलांची तब्येत आता बरी असेल अशी आशा.

कंदील

बोलतात आता. हळू, पण सगळं बोलतात. धन्यवाद.

पाऊसपाणी

ऐकलं! घरातले झोपल्यावरच ऐकलं, ओसरीताई. ‘माइनिंग फॉर गोल्ड’मध्ये गाणं सुरू व्हायच्या आधी आणि गाताना मागे एक बारीक घरघर ऐकू येते. माझ्या हेडफोनचा दोष आहे का?

खर्ज

नाही, हेडफोन उत्तम आहेत. ती खोली आहे. मोठ्या इमारतीत, भर शहरात, शांतता म्हणजे काहीच नाही असं नसतं. चारही बाजूंनी ऐकणारा माइक ठेवल्यावर ते येणारच. आज कोणीही इंजिनिअर पहिली गोष्ट म्हणून ती पुसून टाकेल. पुसली तर मार्गो हवेत लटकल्यासारखी वाटेल.

दूरगाव

मी टोरांटोत राहतो, ऑफिस त्या चर्चपासून चालत दहा मिनिटांवर. इतकी वर्षं समोरून जातो आणि या अल्बमचं मला या धाग्यामुळे कळलं, म्हणून इमारतीबद्दल जे माहीत आहे ते लिहितो.

चर्च १८४७चं. इंग्लंडमधल्या एका बाईनं नाव न सांगता पाच हजार पौंड दिले होते, अट एकच, की इथे बसायला कोणाकडून कधीही पैसे घ्यायचे नाहीत. त्या काळी चर्चमध्ये बसायच्या जागा भाड्यानं असत, त्यामुळे गरिबांना हे एक आपलं चर्च मिळालं. १९७० च्या दशकात शेजारी ईटन सेंटर हा प्रचंड मॉल होणार होता आणि चर्च पाडायचा घाट होता. लोक अडून बसले. मॉल शेवटी चर्चला वळसा घालून बांधावा लागला, आणि चर्चचं ऊन अडणार नाही हेही त्यांनी मान्य करून घेतलं. आज तीन बाजूंनी उंच भिंती आणि मधे हे बुटकं दगडी चर्च असं दिसतं.

दाराबाहेर एक यादी लावलेली आहे. शहरात बेघर असताना जी माणसं मेली त्यांची नावं. ज्यांचं नाव कळलं नाही त्यांच्यासाठी ‘जॉन डो’, ‘जेन डो’. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी तिथे जमतात आणि नवी नावं वाचतात.

ओसरी

@दूरगाव, बसायला पैसे घ्यायचे नाहीत ही अट मला माहीत नव्हती. मग तर त्या चौघांना ती जागा मिळायलाच हवी होती.

एक विनंती करू का? कधी जेवणाच्या सुट्टीत आत जाता आलं तर मधोमध उभे राहा आणि काय ऐकू येतं ते सांगा. पाऊसपाणीला आणि मला दोघींनाही हवंय.

दूरगाव

आज गेलो होतो. आधी बाहेर बाकावर बसून इअरफोन लावून ‘माइनिंग फॉर गोल्ड’ दोनदा ऐकलं, मग आत गेलो.

आत तीन-चार माणसं होती. एक बाई कोपऱ्यात डबा खात होती, कोणी काही बोलत नव्हतं. छत उंच, रंगीत काचांतून ऊन जमिनीवर आलं होतं. मधोमध जाऊन उभा राहिलो. घरघर आहे. कुठून येते ते सांगता येत नाही, पायाखालून असेल किंवा मॉलकडून. आधी कळतच नाही, मग एकदा कानात शिरली की जात नाही. तेवढ्यात मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. तो आवाज आधी वर गेला, छताला लागला आणि माझ्या समोरून परत आला. मी मनात मोजत होतो, तीनपर्यंत पोचलो.

गाऊन बघावं असं फार वाटत होतं, पण डबा खाणाऱ्या बाई दचकतील म्हणून गायलो नाही. नुसता ‘सा’ लावला, तोंड मिटून. ऐकू आला.

पुढचा मंगळवार दुसरा आहे. ऑफिसमधून तासाभराची सुट्टी मागून ठेवलीय, नावं वाचतात तेव्हा जाईन.